केळ्यातली गोळी

डॉक्टरांनी मुंबईहून आलेला रिपोर्ट वाचला आणि टेबलावर पालथा ठेवला. अभिमनच्या यकृतातल्या विषाणूने रूप बदललंय, म्हणाले. वर्षभर चालू असलेली गोळी त्याने पचवलीय. आता ती पोटात जाईल, पण काम करणार नाही. दुसरं औषध अजून आपल्याकडे आलेलं नाही.

लताने मांडीवर झोपलेल्या मुलीचं झबलं खाली ओढलं. नवऱ्याबद्दल चाललंय, हे तिला कळत होतं.

"गोळ्या चुकल्या का कधी?"

नाही, ती म्हणाली. पाचोऱ्याला घरी, रोज सकाळी, तिच्या डोळ्यांसमोर. अभिमनला नुसती गोळी गिळवत नाही, ओकारी येते. म्हणून सासूबाई केळ्याच्या फोडीत दाबून भरवतात. त्याचं तोंड रिकामं होईपर्यंत ती स्वयंपाकघराच्या दारातून हलत नाही. सांगताना आपला आवाज धडा वाचल्यासारखा येतोय, एवढंच तिला जाणवलं.

शेजारच्या खुर्चीत सासूबाई, भिकुबाई, पदर सावरून बसल्या होत्या. आपलं कौतुक चाललंय असं त्यांना वाटलं असावं.

"एक दिन चुकनं नही, डॉक्टरसाहेब. भटूनंबी नही."

डॉक्टरांनी वर पाहिलं. "भटूला मी गोळी कुठे दिली होती?"

भटू अभिमनचा धाकटा भाऊ. त्याच्याही रक्तात तोच विषाणू निघाला होता, पण त्याला तूर्त औषध नको, नुसतं लक्ष ठेवू, असं याच खोलीत ठरलं होतं.

"दोन्ही मन्हाच ना," भिकुबाई म्हणाल्या. "एकले गोळी देवानी अन् दुसराना तोंडकडे देखत ऱ्हावानं? आर्धी याले, आर्धी त्याले. केळंबी एकच."

लता फोडीकडे पाहत आली होती. फोडीच्या आत तिने कधी पाहिलं नव्हतं.

डॉक्टरांनी रिपोर्ट पुन्हा सुलटा केला. मग सावकाश समजावू लागले. अर्ध्या गोळीने विषाणू मरत नाही, नुसता शहाणा होतो. आता भटूचंही रक्त बर्फात घालून मुंबईला पाठवावं लागेल. त्याच्यातही हेच निघालं, तर पुढे त्याच्यासाठी राखून ठेवलेली हीच गोळीही गेली.

भिकुबाई मन लावून ऐकत होत्या, मधूनमधून मान हलवत होत्या. डॉक्टर थांबल्यावर त्या लताकडे वाकल्या. पोर उठू नये म्हणून हळू आवाजात विचारलं,

"मंग आतेपासून दोन्हीस्ले आख्खी आख्खी देसू?"

मघाच्याच धडा वाचल्यासारख्या आवाजात लता हो म्हणाली.