बांबूला हात

समुद्रावरून वारा आला आणि सुखदेवच्या हातातला उंच बांबू झोपेत असल्यासारखा डोलू लागला. पूजा आटोपली होती. आता टोकाला हनुमानाचं लाल निशाण बांधलेला तो बांबू अंगणात रोवायचा होता. त्याचे पणजोबा ऊस तोडायला त्रिनिदादला आले तेव्हापासूनची रीत होती, की बांबूला हात घरच्यांनीच लावायचा.

फाटकाबाहेर त्याच्या मुलीचा, दुलारीचा नवरा कर्टिस उभा होता. तो आफ्रिकी वंशाचा, म्हणून सासऱ्याने वर्षभरात त्याला एकदाही आत घेतलं नव्हतं.

“बाबा, तुम्हाला एकट्याला नाही पेलायचा,” अंगणातून दुलारी म्हणाली.

“मग तू धर.”

“या पोटाने?” सातव्या महिन्यातली दुलारी हसली.

वारा पुन्हा उठला. बांबू फाटकाकडे कलला आणि निशाणाची लालसर सावली कर्टिसच्या तोंडावरून संथपणे सरकली. झेलायला त्याने दोन्ही हात वर केले आणि तसेच हवेत थांबवले. शिवायचं नाही, हे त्याला ठाऊक होतं.

सुखदेव त्या रिकाम्या हातांकडे बघत राहिला.

“नुसता उभा काय राहतोस?” तो खेकसला. “चपला काढ, आत ये आणि धर!”