एकच खूण

"आणखी मोठा कर," मास्तर म्हणाले.

वायरमनने नव्या रडारच्या भोंग्याचा आवाज पार शेवटच्या टोकाला नेला आणि चाचणीचं बटण दाबलं. शेजारच्या बोटीला रंग लावणारा माणूस दचकला आणि त्याने एक शिवी हासडली.

"कुंभकर्ण उठून बसेल, मास्तर. आता पुरे की."

"आत केबिनमध्येही एक लाव."

"केबिनमध्ये कोण असतं? तिथे तर तुम्ही दोरखंड कोंबून ठेवलेत."

"लाव म्हटलं ना."

वायरमनने लावला. उभी हयात पोरांना गप्प बसवण्यात घालवलेल्या माणसाशी वाद घालून काही हाती लागत नाही, हे त्याला ठाऊक होतं.

बोट हौसेची होती, सहाजणांपुरती. आता तिच्यावर एकटे मास्तरच असत. सहा वर्षांपूर्वी दाट धुक्यात मास्तरांच्या पत्नी, काकू, याच बोटीवरून पाण्यात पडल्या. बोटीची जागा नकाशावर दाखवणाऱ्या सेटवर अशा वेळेसाठी एक लाल बटण असतं. ते दाबलं की त्या क्षणी बोट जिथे असेल, तिथली खूण नकाशावर उमटते. मास्तरांनी ते दाबलं आणि खुणेचे आकडे वायरलेसवरून वाचून दाखवले. बचावपथकाची लाँच त्या आकड्यांभोवती संध्याकाळपर्यंत घिरट्या घालत राहिली. काकू सापडल्या नाहीत. "डोळ्यांसमोर गेली," एवढंच मास्तर सांगत. पुढे विचारायची कोणाची छाती झाली नाही.

तेव्हापासून दर रविवारी मास्तर त्या खुणेपाशी जात, इंजिन बंद करून तासभर बसत आणि परत येत.

"जुन्या सेटमध्ये दोनशे खुणा आहेत," वायरमन म्हणाला. "सगळ्या नव्यात घ्यायच्या?"

"एकच घे. कुठली ते तुला माहीत आहे."

माहीत होतीच. जुन्या सेटचं कार्ड नवा सेट वाचेना, तेव्हा त्याने आकडे कागदावर उतरवून घेतले. खरं तर कागदाची गरज नव्हती. ते आकडे त्याला तोंडपाठ होते.

आकडे दाखवायच्या दोन पद्धती असतात. अक्षांश-रेखांशाच्या मिनिटाचे साठ भाग करून किंवा शंभर भाग करून. या धक्क्यावर सगळे शंभराची पद्धत धरून चालतात, बचावपथकही. नवा सेट कंपनीतून साठाच्या पद्धतीवर येतो आणि बसवणाऱ्याने तो शंभरावर आणायचा असतो. मास्तरांचा जुना सेट वायरमननेच बसवला होता आणि बसवताना घाईत ते करायचं राहिलं. काकू गेल्या त्यानंतर महिन्याभराने तो बोटीवर आला, तेव्हा त्याच्या ते लक्षात आलं. त्याने गुपचूप सेट शंभरावर आणला. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं स्वतःला बजावत तो घरी गेला आणि त्याला जेवण गेलं नाही.

मग काही ना काही निमित्त काढून तो दर आठवड्याला येऊ लागला. कधी वायर तपासायला, कधी बॅटरी बघायला. काम झालं की मास्तर चहा करत. दोघं फारसं न बोलता पीत. वायरमनच्या घरी वाट बघणारं कोणी नव्हतं. उभ्या गावात 'आलास का' म्हणणारा हा एकच माणूस उरला होता आणि खरं बोललं तर तोही जाणार होता.

आज मात्र जुना सेट भंगारात चालला होता. आज नाही बोललं, तर मग कधीच नाही.

मास्तरांनी चहाचा पेला पुढे केला. त्याने तो घेतला नाही.

"मास्तर, मला काही सांगायचंय. तुम्ही मला ओळखता तसा मी नाही. म्हणजे माणूस वाईट नाही मी, पण..."

"नमनाला घडाभर तेल नको. बोल."

तो बोलला. साठ आणि शंभर, घाई, महिन्याभराने गुपचूप बदललेली पद्धत, सगळं. "तुम्ही वाचलेत ते बरोबर वाचलंत. त्यांनी ते शंभराचे धरले. लाँच पाव मैल दूर शोधत राहिली, मास्तर. त्या धुक्यात पाव मैल! माझ्यामुळे."

मास्तरांनी पेला खाली ठेवला.

"सहा वर्षं हे पोटात ठेवून माझ्याकडे चहा प्यायलास?"

"हो."

"मला वाटायचं, माझा लळा लागलाय तुला."

"तोही लागलाय."

मास्तर उठले. नव्या स्क्रीनपुढे जाऊन उभे राहिले. निळ्या पाण्यावर एक लाल ठिपका दिसत होता, आणखी काही नाही.

"ही खूण पुसून टाक."

संपलं, वायरमनला वाटलं. आता हे दार बंद.

"मास्तर, मला दोन थोबाडीत मारा. परत पाय ठेवू नकोस म्हणा. पण त्या जागेवर राग काढू नका. काकूंची तेवढीच एक जागा आहे."

"जागा कसली रे!" मास्तर म्हणाले. ते अजून स्क्रीनकडेच बघत होते. "सुकाणू तिच्या हाती देऊन मी आत झोपलो होतो. जाग आली तेव्हा बोट आपली आपणच चालली होती, कधीपासून ते देव जाणे. बटण मी त्यानंतर दाबलं."