शनीला लटकलेली पोर

गेनबाने चारही भाग त्या मुलीच्या हातात ठेवले आणि वर बजावलं, "चौथा जेवताना वाचू नका. घास घशात अडकंल."

मुलीच्या गळ्यात खराडीच्या कुठल्याशा कंपनीचं ओळखपत्र होतं. ती भाचीच्या वाढदिवसासाठी काहीतरी शोधायला आली होती आणि 'शनीची शिडी' या कादंबरीचं नाव तिने जन्मात ऐकलेलं नव्हतं. पण समोरचा फेटेवाला म्हातारा सांगत सुटला होता. पंधरा वर्षांची ऊर्मी यान घेऊन कशी पळते, तिचा यंत्रमानव बैलासारखा कसा रुसून बसतो, आणि चौथ्या भागाच्या शेवटी पोरगी शनीच्या कड्याला कशी लटकते, पाठीवर फक्त चार तासांची हवा.

"काका, मग पुढे काय होतं?"

"त्येच इचारतोय मी," गेनबा म्हणाला आणि त्याने गल्ल्याकडे पाहिलं.

गल्ल्यामागे वैजनाथराव होते. प्रकाशक तेच, विक्रेते तेच. स्वभाव असा संशयी, की आरशातल्या माणसालाही आधी "काय पाहिजे?" विचारतील. हा हिंजवडीचा म्हातारा तीन आठवडे रोज सकाळी पांढऱ्या जीपमधून बुधवार पेठेत उतरत होता, स्टुलावर बसत होता आणि येईल त्या गिऱ्हाइकाला हीच चार पुस्तकं गळी उतरवत होता. फुकट. फुकट काम करणारा माणूस वैजनाथरावांनी पुण्यात पाहिला नव्हता. हिंजवडीकरांच्या जमिनी कंपन्यांनी घेतल्या आणि तो पैसा आता पेठेत दुकानं शोधत फिरतो, हे मात्र त्यांना ठाऊक होतं. शेजारचं वह्यांचं दुकान गेलं, तेही असंच. आधी कुणीतरी येऊन नुसतं बसायचं म्हणे. वैजनाथरावांनी दुकानाची कागदपत्रं परवाच घरी नेऊन ठेवली होती.

मुलगी पुस्तकं घेऊन गेली. तो शेवटचा संच होता. फळीवर धुळीत चार चौकोन तेवढे राहिले.

"दुकान विकायचं नाहीये," वैजनाथराव म्हणाले. "आपण रोज तसदी घेता, म्हणून सांगून ठेवतो."

गेनबाने छताचे पोपडे पाहिले, भिंतीची ओल पाहिली. "ह्ये? ह्याच्यात माझी म्हस बी मावायची न्हाय."

"मग आपल्याला हवंय काय?"

"पाचवा भाग. आखाडात आलो व्हतो. तुमी म्हनला, ह्यो ढीग संपल्याबिगर पाचवा निघायचा न्हाय. संपला."

वैजनाथरावांना काहीच आठवेना. पण वाक्य त्यांचंच होतं. नको असलेलं माणूस दुकानाच्या पायरीवरून उतरावं म्हणून ते असं शंभर जणांना म्हणाले असतील. त्याला शब्द समजून कामाला लागलेला हा पहिलाच.

तरी त्यांचा संशय काही फिटेना. "त्या यंत्रमानवाचं नाव काय?" त्यांनी विचारलं.

"भोपळ्या. तुमीच छापलंय की."

नाव बरोबर की चूक, हे वैजनाथरावांना कळायला मार्ग नव्हता. चारही भाग त्यांनी छापले होते. वाचला एकही नव्हता.

"एवढी ओढ होती, तर सगळा ढीग आपणच उचलायचा. जीप आहे दारात."

"उचलून करू काय? मला कुठं वाचाया येतंय? चारी भाग नातीनं वाचून दावलं. ती आता बंगळुरात, नोकरीला." गेनबाने फेटा काढून मांडीवर ठेवला. "वरीस झालं, पोर लटकलीय शनीला. चार तासाच्या हवेवर."

वैजनाथरावांनी खालचा खण ओढला. लेखक मास्तर वर्षापूर्वी देऊन गेले होते तो पाचव्या भागाच्या हस्तलिखिताचा गठ्ठा आत होता, सुतळीची गाठही न सुटलेला. त्यांनी तो गल्ल्यावरून पुढे सरकवला.

गेनबाने हात लावला नाही. त्याने स्टूल पुढे ओढलं आणि वैजनाथरावांच्या तोंडाकडे डोळे बारीक करून पाहिलं.

"वाचा," तो म्हणाला. "आन् मधली पानं गाळू नका. नात गाळायची. मला कळायचं."