सुयशचं हसू

"हसल्यानं मनावरचा ताण उतरतो, नाडी संथ होते. समोरचा हसला की आपलेही ओठ आपोआप हलतात," रविंद्र सर बारामतीच्या सभागृहात सांगत होते. निवृत्त झाल्यापासून हे त्यांचं आवडीचं व्याख्यान होतं.

मागच्या रांगेतून एक बाई उठली.

"सर, मी दिपाली. सांगवीला सातवीत तुमच्या वर्गात होते. सुयश आठवतो का? हसला म्हणून तुम्ही त्याला मारलं होतं."

सरांनी व्याख्यान तिथंच आवरतं घेतलं.

सुयश चांगला आठवत होता. पाढा चुकला म्हणून उभं केलं, तर तो हसला. छडी बसली, तरी हसला. "निर्लज्ज! हसू थांबेपर्यंत मारीन," सर ओरडले आणि तसंच केलं. दुसऱ्या दिवसापासून पोरगा शाळेत आलाच नाही. त्याच्या घरी जायचं सरांच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

दोन दिवसांनी ते पत्ता काढत लोणी देवकरला गेले. सुयश तिथल्या एका कारखान्यात माल भरायच्या कामाला होता. घराचं दार त्यानंच उघडलं. क्षणभर पाहिलं आणि हसला.

"सर! या ना, आत या."

सर खुर्चीच्या कडेवर टेकले. मान वर करवेना.

"सुयश, तेव्हा मी चुकलो. तुझी शाळा माझ्यामुळं सुटली. माफी मागायला आलोय."

"न्हाय सर, माझंच चुकलं व्हतं."

"राग असेल तर बोल. शिव्या दे."

"राग कसला, सर?" त्याचं हसू आणखी रुंदावलं.

सरांचे डोळे भरून आले. आपण कोण, आणि या पोराचं मन केवढं! पाठ थोपटायला त्यांनी हात उचलला. सुयश हसतच दोन पावलं मागं सरला. "चहाला दूध आणतो," म्हणत चप्पल न घालताच बाहेर पडला.

त्याची बायको करुणा पाणी घेऊन आली.

"नशीबवान आहेस, पोरी," डोळे पुसत सर म्हणाले. "एवढं होऊनही किती हसतमुख आहे!"

करुणानं तांब्या खाली ठेवला. आवाज हलका केला.

"सर, वाईट वाटून घिऊ नका, पर ते यायच्या आत तुमी जावा. भ्यालं म्हंजी त्यास्नी हसू येतंय."