सदतीस भोकं

गावातल्या कत्तलीतून वाचलेल्यांच्या जबान्या ऑक-जिनच्या बाबांनी कोरियातल्या जेजू बेटावर जन्मभर दारोदार फिरून लिहून घेतल्या. ते गेल्यावर त्यांचे कागद अभिलेखागाराला द्यायला काढले, तर सदतीसच्या सदतीस जबान्यांत एकाच जागी भोक. सैनिकांना घरं दाखवणाऱ्याचं नाव कातरीने कापलेलं. बाबांनी कुणाला पाठीशी घातलं, हे तिला कळेना. शेवटी ती शेजारच्या गो आजींकडे गेली; सदतीसांतली एक जबानी त्यांचीही होती.

"तुझ्या आजोबांचं नाव गं ते," शंखांतलं मांस काढता काढता आजी म्हणाल्या.

"म्हणजे बाबांनी स्वतःच्या बापाला लपवलं?"

"तो कसला लपवतोय! जसंच्या तसं लिहायचा, आम्हाला वाचून दाखवायचा.

जबानीखाली सहीचा शिक्का मारण्याआधी कातर आम्हीच चालवायचो."