वहिनींचा डेक

“वहिनी, नुसत्या बचावावर डाव जिंकता येत नाही,” ड्रॅगन-जादूगारांच्या पत्त्यांचा खेळ शिकवताना दिराने बजावलं होतं. तिने ते हसण्यावारी नेलं. बाळाची पिशवी भरावी तसा तिने आपला डेक, म्हणजे खेळायच्या पत्त्यांचा संच, भरला: वैद्य, भिंती, चिलखतं, शिवाय लागलाच तर एक उबदार ढग.

“आणि हल्ला कोण करणार?”

“अहो भावोजी, कुणाला लागलं म्हणजे?”

डाव अर्धा गमतीचा, अर्धा गंभीर. हरेल त्याने बाळाचे लंगोट धुवायचे. दिराचा ड्रॅगन भिंतींवर आग ओकून ओकून दमला, तेव्हा तिने आपला एक वैद्य त्याच्याकडेही धाडला. बाळ झोपलं, ती जेवून आली, दीर उपाशीच पत्ते धरून बसला, तरी डाव संपेना आणि लंगोट बादलीतून निघेनात.

तुमच्याकडेही कुणी वहिनीशी सहज म्हणून खेळायला बसलं असेल, तर जरा डोकावून या. त्याच्या पोटात काही गेलंय का, तेवढं विचारा.