उन्हाच्या देशात जाताना

“पाणी बाटलीतलंच प्यायचं. बूच सीलबंद आहे ना, ते बघायचं. आणि बर्फ अजिबात नको,” वर्षाराणी म्हणाली.

सयाजी चौगुले वहीत सावकाश लिहीत होते. राजारामपुरीतल्या तिच्या टूर कंपनीत त्यांची ही चौथी फेरी. गडमुडशिंगीहून बसने यायचे आणि एकच विचारायचे, उन्हाच्या देशात पहिल्यांदा जाणाऱ्यानं काय काळजी घ्यायची?

“काका, श्रीलंकाच ना? डिसेंबरात आमची सहल आहे,” तिने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

“तसलाच देश समजा,” ते म्हणाले होते.

आज सोबत त्यांची बायको बनाबाई होती. नवं लुगडं नेसून ती खुर्चीच्या कडेवर बसली होती.

“दुपारी बारा ते चार बाहेर पडायचं नाही,” वर्षाराणी म्हणाली आणि तिलाच हसू आलं. “अहो, जन्मभर उसात राबलेला माणूस तुम्ही. तुम्हाला उन्हाचं मी काय सांगणार?”

“सांगा की. आमी लिवून घ्यायलाच आलोय.”

“संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे कपडे घालायचे, डास असतात. फळं आपल्या हातानं सोलून खायची. लसींचं डॉक्टरांना दीड महिना आधी विचारायचं.”

“आनि ल्हान पोरास्नी?” बनाबाईनं विचारलं.

“बरोबर कोण आहे?”

“नात हाय. चार वर्साची.”

“मग तिला पहिले काही दिवस अगदी कमी तिखट द्या.”

“ते सुरू केलंय,” सयाजी म्हणाले. “म्हैना झाला, घरात चटनी निम्म्यावर आनलीया. जेवान घशाखाली उतरंना, पर सवय लागाय पायजे.”

“वाहनं डाव्या बाजूनं चालतात. आपल्यासारखीच.”

सयाजींनी तेही लिहिलं. खाली रेघसुद्धा मारली.

“मग तिकिटं कधी काढायची? जागा भरत आल्यात.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. “घरातलं एकजन तयार हुईना,” सयाजी म्हणाले. “भ्या वाटतंय. तुमी हे समदं इंग्रजीत टाईप करून माझ्या पोराच्या मोबाइलवर धाडाल? तो समजावंल.”

बाकीची गिऱ्हाईकं हॉटेलं आणि खरेदी विचारायची. यांनी एवढ्या जिव्हाळ्यानं विचारलेलं तिला आवडलं होतं. तिने तीन पानं मन लावून टाईप केली आणि पाठवली.

त्यानंतर चौगुले फिरकले नाहीत. श्रीलंकेची सहल त्यांच्याविना गेली आणि परतही आली. तयार झालं नसेल ते घरातलं माणूस, वर्षाराणीला वाटलं. तिला उगाच चुकचुकल्यासारखं झालं.

जानेवारीतल्या एका सकाळी दार उघडलं. सयाजी आत आले, हातात पेढ्यांचा पुडा. मागोमाग बनाबाई. तिच्या कडेवर भुरकट केसांची, घाऱ्या डोळ्यांची एक गोरीपान पोरगी.

“काका! ही कोण पाहुणी?”

“नात की आमची,” सयाजी म्हणाले. त्यांनी पुडा तिच्यापुढे धरला. “पोरगा फिनलंडला ऱ्हातोय. हिची आई तिकडचीच. ती म्हनायची, तसल्या उन्हाच्या देशात पोरगी आजारी पडंल, मी न्हाय पाठवनार. तुमची पानं वाचली आनि राजी झाली. तसला देश म्हंजे आपलाच की, ताई.”